आधी सुकाणू, मग दाखला

कात्रजच्या माणसाने शिडाची होडी चालवायला शिकावे, हे ऐकून आमच्या घरी प्रथम हसू उसळले. मग आईने एकच प्रश्न विचारला, "तुला पोहता तरी येतं का?" प्रश्न रास्त होता. आमच्या दारी समुद्र नाही. आहे तो नानासाहेब पेशव्यांच्या काळी शहराला पाणी नेण्यासाठी बांधलेला तलाव. शिवाय काही वर्षे नोकरी करून तिशीत पदवीला बसलेल्या माझ्यासारख्याला छात्रसेनेच्या नौदल शाखेचे दारही वयाने बंद केलेले. तेव्हा आधी पोहायला शिकलो आणि मग पुढच्या मार्गाचा विचार सुरू केला.

मोठ्या माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक, पाच दिवस मोठ्या शिडाच्या बोटीवर राहून खलाशाचे प्राथमिक शिक्षण घेणे. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा असा अभ्यासक्रम अनेक देशांत चालतो. दुसरा, एकदोघांना पुरेल अशा छोट्या होडीवर, म्हणजे डिंगीवर, शिकणे. त्याच संस्थेच्या या शिक्षणाचे पहिले दोन टप्पे साधारण दोन-दोन दिवसांचे आहेत. पावसाळा सोडला तर डिंगीचे शिक्षण मुंबईतही मिळते.

माझ्या एका मित्राने पहिला मार्ग धरला, मी दुसरा. मित्र सुंदर दाखला घेऊन परतला. त्याने दोर ओढले, शीड चढवले, बोटीवर स्वयंपाकही केला. पण सुकाणू सर्वांत वाटले गेल्याने त्याच्या वाट्याला थोडेच आले. शीड केव्हा सैल सोडायचे, हे दुसऱ्याच्या हुकुमावरून कळत होते. त्याची दोन वर्षांची शिल्लक संपली आणि त्यानंतर तो पाण्यावर गेलेला नाही.

माझी होडी पहिल्याच सकाळी उलटली. नाकातोंडात खारे पाणी गेले, सुरक्षा-जाकीट अंगात असूनही घाबरलो. पण चूक तत्क्षणी उमगली. वाऱ्याचा झोत आला तेव्हा शिडाचा दोर सोडायचा, तो मी भीतीने अधिकच आवळला होता. छोटी होडी चुकीचा जाब लगेच विचारते; मोठी बोट आपल्या वजनाखाली ती पोटात घालते. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, वारा कधी डाव्या तर कधी उजव्या अंगावर घेत नागमोडी जावे लागते, हे त्या दुपारी व्याख्यानाने नव्हे, हाताने कळले.

मोठ्या बोटीचे शिक्षण निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. रात्रीचा प्रवास, सागरी नकाशा, नांगर टाकणे या गोष्टी तिथेच शिकाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डिंगीत वाकून बसणे जमायचेही नाही. प्रश्न क्रमाचा आहे. शिवाय दाखला म्हणजे प्रवासाचा शेवट नव्हे. कमांडर दिलीप दोंदे हे नौदलातले पाणबुडे अधिकारी. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कामगिरी त्यांनी 2006 मध्ये स्वीकारली, तेव्हा महासागरावर शीड हाकारण्याचा अनुभव त्यांच्यापाशी फारसा नव्हता. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून त्यांनी धडे घेतले, गोव्यात 'म्हादेई' बांधली जात असताना तिच्यावर लक्ष ठेवले, आणि 2009-10 मध्ये ती मोहीम पुरी केली. पुढे 2017-18 मध्ये 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या सहा महिला अधिकाऱ्यांना त्यांनीच तयार केले. वय आड आले नाही. मात्र शिक्षणाला वर्षे द्यावी लागली.

म्हणून मित्रहो, पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. एका होडीत शिकणारे किती? सुकाणू माझ्या हाती किती तास राहील? आणि शिक्षण संपल्यावर सरावासाठी होडी कुठे व काय दराने मिळेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंच्या उत्तरांचा फारसा उपयोग नाही. पुण्याहून दर महिन्याला मुंबई गाठण्याचे भाडेही हिशेबात धरावे.

मधल्या दिवसांत मी तलावाच्या काठी बसून दोराच्या गाठी मारतो. पाण्यावर काळसर थरथर सरकत आली की झोत केव्हा पोहोचेल, याचा अंदाज बांधतो. याला फी पडत नाही. परवा मित्रही शेजारी येऊन बसला. येत्या ऑक्टोबरात तो माझ्याबरोबर डिंगीवर येणार आहे. मोठ्या बोटीचा दाखला असलेला माणूस आता पहिल्यापासून सुरुवात करील, याचा त्याला संकोच वाटतो. मला वाटत नाही.