करडई, कॅप्सूल आणि व्यापाऱ्याची पारख

देवणीचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते तेथील गोवंशामुळे. बालंक्या, वानेरा आणि शेवेरा अशा तीन प्रकारांत आढळणारी ही जात दुधाला आणि शेतीकामाला सारखीच उपयोगी मानली जाते. या भागातील काळ्या जमिनीला रब्बीत आणखी एका पिकाची जुनी सोबत आहे. ते पीक म्हणजे करडई. जमिनीतील ओलाव्यावर ती तग धरते. शेताच्या कडेने तिच्या काटेरी ओळी लावल्या की जनावरे आत शिरत नाहीत. कोवळ्या पानांची भाजी भाकरीबरोबर खाल्ली जाते आणि बियांचे घाण्यावरचे तेल फोडणीला येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे तिचे वाणही विकसित केले. पुढे सोयाबीन आणि हरभरा यांनी करडईचे क्षेत्र बरेच आक्रसून टाकले.

आता हीच करडई वेगळ्या वेशात बाजारात आली आहे. वजन घटवण्यासाठी ‘सीएलए’ नावाच्या कॅप्सूल विकल्या जातात आणि त्यांचा कच्चा माल बहुधा करडईचे तेल असतो. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ आणि ‘वनस्पतिजन्य’ हे शब्द ठळक अक्षरांत असतात. लग्नसराईपूर्वी तरुण मुलींच्या आणि बैठ्या व्यवसायामुळे पोट सुटलेल्या मध्यमवयीन दुकानदारांच्या हाती अशा डब्या सहज येतात. म्हणून त्या शब्दांची पारख करणे अगत्याचे आहे.

सीएलए हा एक स्निग्धाम्ल आहे. निसर्गात तो मुख्यतः रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. त्यामुळे गाईच्या दुधात आणि तुपात तो अल्प प्रमाणात असतो. करडईच्या तेलात विपुल असते ते लिनोलेइक आम्ल. त्यावर कारखान्यात रासायनिक प्रक्रिया केल्यानंतर सीएलए हाती येतो. तेव्हा कॅप्सूल वजन घटवते असा दावा ऐकून भाजीत करडईचे तेल वाढवण्यात काही अर्थ नाही. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 9 कॅलरी असतात आणि करडई त्याला अपवाद नाही.

मग कॅप्सूलचा लाभ किती? सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चाललेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 2012 साली प्रसिद्ध झाला. सीएलए घेणाऱ्यांचे वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे 700 ग्रॅमने अधिक घटले होते. सहा महिन्यांचा खर्च आणि हाती पाऊण किलोहून कमी! हा हिशेब कोणत्याही पेढीवर तोट्याचाच ठरेल. शिवाय पोट बिघडण्याच्या तक्रारी आढळतात. सीएलएच्या एका प्रकारामुळे शरीरावरील इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, असेही काही चाचण्यांत दिसले आहे. घरात मधुमेह असेल तर हा इशारा लहान नाही.

यानंतरचा प्रश्न जैन कुटुंबाच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे. तेल भरलेली मऊ, पारदर्शक कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून काढतात. आतले तेल करडईचे असले तरी बाहेरचे कवच प्राणिजन्य असू शकते. वनस्पतिजन्य कवचेही मिळतात, पण त्यासाठी घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागते. हिरव्या ठिपक्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत मध शाकाहारी ठरतो आणि कंदमुळेही. भूक कमी करण्यासाठी विकले जाणारे ग्लुकोमॅनन कोंजाक नावाच्या कंदापासून काढतात आणि हा कंद सुरणाच्या कुळातील आहे. ज्या घरात सुरण वर्ज्य आहे, तेथे ही भुकटी हिरव्या ठिपक्यासह निर्वेध प्रवेश करू शकते.

कोकमाच्या कुळातील गार्सिनिया या फळाच्या अर्काचा बोलबालाही मोठा आहे. 1998 साली अमेरिकेत 135 जणांवर 12 आठवड्यांची चाचणी झाली. अर्क घेणारे आणि नुसती रिकामी गोळी घेणारे यांच्या वजनात उल्लेखनीय फरक आढळला नाही. याउलट गार्सिनिया आणि ग्रीन टीचा तीव्र अर्क घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. कोकमाचे सार किंवा कपभर चहा वेगळा आणि त्याच वनस्पतीचा शेकडो मिलिग्रॅमचा अर्क वेगळा.

त्या मानाने घरोघरी परिचित असलेला इसबगोल प्रामाणिक म्हणावा लागेल. तो पोट भरल्याची जाणीव देतो आणि बद्धकोष्ठ दूर करतो. वजनावर त्याचा परिणाम मात्र माफकच असतो. तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, नाहीतर घशात अडकू शकतो. इतर औषधे आणि इसबगोल यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे.

आठ दिवसांत ठळक फरक दाखवणाऱ्या ‘वनौषधी’बद्दल अधिकच सावध राहावे. सिब्युट्रामिन या औषधाने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून भारतात 2011 साली त्यावर बंदी आली. त्यानंतरही वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत हेच रसायन लपवलेले अनेक देशांत सापडले आहे.

देवणी किंवा उदगीरच्या पेठेत गिऱ्हाईक वस्तूबरोबर दुकानदाराचा शब्दही विकत घेते. किराणा वा औषधांच्या दुकानात बसणाऱ्या जैन व्यापाऱ्यावर त्यामुळे दुहेरी जबाबदारी येते. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक असावा लागतो आणि ती औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, अशी सूचनाही लागते. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार निषिद्ध आहे. फलकावर किंवा मोबाइलवरच्या संदेशात ‘हमखास वजन घटेल’ असे लिहून माल खपवणे हे पेढीची पत गहाण ठेवण्यासारखेच आहे.

तुरीचे पोते घेताना व्यापारी वरचे दाणे पाहून सौदा करत नाही. बंबी खुपसून आतला माल तळहातावर घेतो. डबीलाही तीच कसोटी लावावी. आत काय आहे, किती आहे, कवच कशाचे आहे आणि दावा कोणत्या आधारावर आहे, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माल परत करावा. गर्भवती, स्तनदा माता आणि रक्तदाब, मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय अशी एकही गोळी घेऊ नये. घेणाऱ्याचे डोळे पिवळसर दिसले किंवा लघवी गडद झाली, तर गोळी तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा.

करडईचा उपयोग हवाच असेल, तर तिची कोवळी भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर घ्यावी, फोडणीला तेल मोजून घालावे आणि दोन घास कमी खाऊन उठावे. या उपायाची जाहिरात कोणी करणार नाही, कारण त्यात कोणाला नफा नाही.