झील ओढणाऱ्यांची बाजू

मराठी समीक्षेत एखाद्याला एका वाक्यात निकालात काढायचे असेल, तर 'हा अमक्याची झील ओढतो' असे म्हणण्याची प्रथा आहे. झील ओढणारा म्हणजे स्वतःचे काही नसलेला, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून पोट भरणारा. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम शिवी म्हणून वापरला, त्याने पोवाडा समोर बसून ऐकला नसावा अशी माझी पक्की समजूत आहे. शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी त्याची नक्कल करत नसतात. शाहीर श्वास घेतो तेवढ्या वेळात ते कवन तोलून धरतात, ओळीचा शेवटचा शब्द उचलून सभेच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतात आणि 'जी जी' च्या ठेक्यात पुढच्या चौकासाठी जागा मोकळी करून देतात. झीलकरी गेले की पोवाडा उरत नाही; उरते ते लांबलचक पद्य. आणि आपण, म्हणजे मराठीचे विद्यार्थी आणि अध्यापक, गेली कित्येक दशके वर्गात तेच पद्य वाचत आलो आहोत.

हे सगळे आठवण्याचे निमित्त वर्गातलेच. शाहिरी कवितेचा तास चालू होता. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी मिळून 'लाल बावटा कलापथक' उभे केले, असे मी सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे ते सुपरग्रुप होते का?" वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. घरी मोडनिंबला परतताना मात्र तो प्रश्न काही सुटेना. आपापल्या नावावर उभे असलेले, स्वतः रचणारे आणि स्वतः गाणारे कलावंत एकत्र येऊन नवा संच बांधतात, तेव्हा पाश्चात्त्य रॉक संगीतात त्याला सुपरग्रुप म्हणतात. त्या मुलाचा शब्द परका असेल, पण त्याचे निरीक्षण अचूक होते. चुकलो होतो तो मी, कारण 'तिघांनी मिळून' हे शब्द उच्चारून मी लगेच तिघांना तीन वेगळ्या टिपणांत टाकून मोकळा झालो होतो.

तिघेही एकत्र येण्याआधीच शाहीर होते. अण्णाभाऊंचा स्तालिनग्राडचा पवाडा १९४३ मधला, म्हणजे कलापथकाच्या आदल्या वर्षीचा. मेहबूब हुसेन पटेल या नावाने १९१६ साली बार्शीत जन्मलेले अमर शेख गिरणी, कामगार संघटना आणि तुरुंग अशा वाटेने गाण्याकडे आले होते. त्यांचा आवाज ही त्या काळी स्वतंत्र दंतकथाच होती. गव्हाणकर रचनाही करीत आणि गातही. अशा तीन माणसांनी आपापला फड सांभाळला असता तर कोणी नावे ठेवली नसती. उलट आपल्या शाहिरी परंपरेला साजेसेच झाले असते, कारण कलगी-तुऱ्याच्या काळापासून शाहिराने शाहिराला सवालात अडकवायचे आणि हरवायचे अशीच रीत आहे. या तिघांनी तो सामना सोडून एकाच डफाखाली उभे राहायचे ठरवले. ही घटना वाङ्मयीन आहे, असे माझे म्हणणे आहे. आपण तिची नोंद फक्त राजकीय घटना म्हणून करतो.

अमेरिकेतला अशा संचाचा प्रसिद्ध दाखला म्हणजे 'क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग'. निरनिराळ्या वाद्यवृंदांतून नाव मिळवून आलेल्या या चौघांनी संचाचे नाव म्हणून आपली चार आडनावेच ओळीने मांडली, एखाद्या वकिलांच्या कचेरीवरच्या पाटीसारखी. १९८८ मध्ये बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन हे पाच जण 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज' म्हणून एकत्र आले, तेव्हा त्यांनी सावत्र भावांची खोटी नावे धारण केली. पण तो खेळ होता आणि आत कोण आहे हे जगाला ठाऊक होते. आपल्या तिघांनी पाटीवर ना आडनावे लावली, ना टोपणनावे. त्यांनी झेंड्याचे नाव घेतले. नावाची ही निवडच सांगते, की आम्हाला तीन कवींची बेरीज म्हणून ऐकू नका.

बरे, एकत्र येऊन त्यांनी केले काय? तमाशाचा ढाचा घेतला आणि त्याची अंगे बदलली. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला, वीरांना आणि श्रमिकांना वंदन आले. गौळण वगळली गेली. वगातल्या राजाच्या जागी सावकार आणि मालक आले. 'अकलेची गोष्ट' सारखे प्रयोग या घडणीतून निघाले. स्वातंत्र्याच्या आगेमागे, मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना या पथकावर बंदी आली. तमाशाचे लोकनाट्य झाले ते याच झटापटीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर या शाहिरांवाचून सभा भरत नसे.

'माझी मैना' ही अण्णाभाऊंची छक्कड घ्या. मुंबईला पोटासाठी आलेल्या गड्याची बायको गावी राहिली आहे. त्याचा विरह रंगत जातो आणि शेवटी लक्षात येते, की बेळगाव, कारवार, डांग मागे राहिलेला महाराष्ट्रच त्या विरहात बोलतो आहे. वर्गात आपण याला रूपक म्हणतो आणि अण्णाभाऊंच्या प्रतिभेच्या खात्यावर जमा करतो. पण हे रूपक कागदावर तितकेसे चालत नाही. कागदावर ते शेवटी जोडल्यासारखे वाटू शकते. सभेत मात्र एकट्या गड्याचा 'माझी' हा शब्द मागचे झीलकरी पुन्हा पुन्हा उचलतात आणि चौकाचौकागणिक तो 'आमची' होत जातो. राजकारण शेवटच्या कडव्यात येण्याआधी झिलीत येऊन बसलेले असते. हा अर्थ एकट्या कवीने लिहिलेला नाही. तो पथकाने रचला आहे, आणि आपल्या समीक्षेजवळ अशा रचनेसाठी परिभाषाच नाही.

परिभाषा नाही म्हणून आपण वाटणी केली. अण्णाभाऊ 'फकिरा'कार झाले, दलित साहित्याच्या प्रकरणात गेले. त्यांच्यावर २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. तो मान त्यांचाच आहे आणि उशिराच मिळाला. अमर शेख 'कलश' आणि 'धरतीमाता' या संग्रहांपुरते कवी ठरले आणि बाकी आवाज म्हणून उरले. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची गोष्ट. आणि गव्हाणकर? त्यांचे आडनाव कुठे 'गवाणकर' छापतात, कुठे 'गव्हाणकर'. जो समाज आपल्या शाहिराचे आडनाव एका पद्धतीने लिहीत नाही, त्याने त्याच्या कवनांची चिकित्सक आवृत्ती काढावी अशी अपेक्षा तरी कशी धरायची? बहुतेक पाठ्यपुस्तकी वाक्यांत गव्हाणकर हे 'आणि' या उभयान्वयी अव्ययानंतर येतात व पूर्णविरामाबरोबर संपतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. समूहाचे गोडवे गाणाऱ्यांनीच व्यक्तींना गिळले आहे, असे कोणी म्हणेल. पक्षाचे पथक म्हटले की पक्ष उरतो, 'लोक' म्हटले की कर्ता पुसला जातो. खरे आहे. 'लोकसाहित्य' या शब्दाच्या पोटात किती नावे गडप झाली याची गणती नाही. म्हणूनच माझी मागणी समूहाच्या नावे जयघोष करण्याची नाही. समूहात कोणी काय केले हे नावानिशी सांगा, एवढेच मागणे आहे. आपली जुनी परंपरा या बाबतीत आपल्याहून शहाणी होती. होनाजी रचायचा, बाळा गायचा. लोकांनी दोघांचे मिळून 'होनाजी बाळा' असे एक नाव केले. आज वर्गात विचारून पाहा, निम्मी मुले ते एकाच माणसाचे नाव समजतात. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या पवळेच्या गळ्यातून गावोगाव गेल्या. आपल्या यादीत बापूराव शाहीर आहेत आणि पवळा ही त्यांच्या चरित्रातली एक हकीकत आहे. गाणाऱ्याला रचनेत वाटा द्यायचा नाही, हा नियम आपण कुठून आणला?

तो नियम किती खोटा आहे हे पाहायला मोडनिंबहून दूर जावे लागत नाही. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे आमचे हे गाव संगीत बारीसाठी ओळखले जाते; ओळखले जाते म्हणजे बाहेरचे लोक गावाचे नाव ऐकताच डोळा बारीक करतात. कलाकेंद्रातली प्रत्येक पार्टी हा एक बांधलेला संच असतो. पुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, मागे पेटी, ढोलकी, तबला. एकच लावणी एकीने बसून अदेने मांडली की वेगळी होते आणि दुसरीने उभ्याने नाचली की वेगळी. ढोलकीवाल्याने कुठे थांबायचे हे छापील लावणीत लिहिलेले नसते, आणि पुष्कळदा लावणीचा अर्थ त्या थांबण्यातच असतो. पाटीवर म्होरक्या बाईचे नाव असते, म्हणजे निदान एका बाईला तरी तिथे कर्तेपण मिळते. आपल्या वाङ्मयेतिहासात तेवढेही मिळत नाही. तिथे लावणी शाहिराची आणि बाई निव्वळ 'सादर' करणारी.

इथे मला माझ्या लाडक्या कलापथकालाही एक गोष्ट ऐकवायची आहे. तमाशा शुद्ध करून घेताना गौळण गेली, हे आपण पुरोगामी पाऊल म्हणून शिकवतो. पण गौळण ही बायांनी बोलायची, मावशीला आणि पेंद्याला कोंडीत पकडण्याची जागा होती. ती गेली तेव्हा भक्तीचा आणि शृंगाराचा भार उतरला, तशी बाईच्या बोलण्याची एक हक्काची जागाही गेली. शाहिरांच्या त्या मोठ्या संचात तीन पुरुषांची नावे आहेत. ज्यांच्या गळ्यांनी लावणी आणि छक्कड तोवर जिवंत ठेवली, त्या बाया त्यात नाहीत. ही उणीव सांगितल्याने कलापथक लहान होत नाही. न सांगितल्याने आपण मात्र खोटे ठरतो.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख गेले. मोडनिंबवरून पुण्याकडे जाणारा रस्ता इंदापूरवरूनच जातो. याच दोन तारखांच्या मध्ये, ऑगस्टच्या पंधरवड्यावर, अमेरिकेत वुडस्टॉकच्या मैदानात त्या चार आडनावांच्या संचाने गाणे म्हटले. त्यात कोणी कोणती ओळ लिहिली, कोणी वरचा सूर धरला, याचा तपशील आज तिथला साधा रसिकही सांगू शकतो. आमच्या कलापथकाच्या एका प्रयोगात डफ कोणाच्या हाती होता आणि झिलीला कोण कोण उभे होते, हे आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सांगता येत नाही. आणि त्याला ते न सांगता येण्याचा दोष त्याचा नाही. आम्ही ते कधी विचारलेच नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. शाहिरी कविता शिकवताना कवीच्या नावाखाली पथकाचे नाव लिहा. कवन वाचण्याआधी ऐकवा. ध्वनिमुद्रण नसेल तर वर्गातल्या चार मुलांना झिलीला उभे करा आणि पाचव्याला ओळ म्हणू द्या. रचले कोणी, गायले कोणी, वाजवले कोणी, हे तीन प्रश्न परीक्षेत विचारा. प्रबंधाचे विषय सुचवताना दरवेळी एकाच थोर पुरुषाचे 'जीवन आणि कार्य' पुढे करू नका; एखादा संच, एखादी पार्टी, एखादा हंगाम द्या. आमच्या कलाकेंद्रांतल्या वृद्ध कलावंतांच्या आठवणी त्यांच्या नावानिशी, त्यांच्या परवानगीने आणि त्यांना मानधन देऊन नोंदवा. एवढे झाले तर त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मला नीट उत्तर देता येईल.

असो. हा लेख वाचून कोणी म्हणेल, की मी शाहिरांची झील ओढतो आहे. तसे असेल तर त्याहून मोठा सन्मान मला नको.