ग्राफिक्स कार्ड आणि यवतमाळचा उन्हाळा

मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की यवतमाळच्या मध्यमवर्गीय घरात संगणकाची चर्चा सुरू होते. प्रोसेसर, हार्ड डिस्क यांवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो ग्राफिक्स कार्डावर, कारण कित्येकदा ते एकटेच उरलेल्या संगणकाइतके पैसे मागते.

ही महागाई दुकानदाराने निर्माण केलेली नाही. 'एनव्हिडिया' या कंपनीला २०२३ च्या आर्थिक वर्षात खेळांच्या कार्डांतून सुमारे ९ अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून १५ अब्ज. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात हेच आकडे अनुक्रमे ११ आणि ११५ अब्ज झाले. घरी लग्नाची पंगत बसलेली असताना दारच्या पाहुण्याकडे कोण लक्ष देणार? २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव कडाडले. डिसेंबरमध्ये 'मायक्रॉन'ने 'क्रुशियल' या नावाचा आपला ग्राहकोपयोगी व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असते, तेव्हा त्याची झळ स्वस्त कार्डांनाच अधिक बसते.

म्हणून कार्ड हवेच का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. प्रोग्रॅमिंग आणि साधे द्विमितीय आरेखन यांना प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते. त्रिमितीय रचना, व्हिडिओ संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास असेल तरच वेगळ्या कार्डाचा खर्च सार्थकी लागतो.

त्यानंतर येतो विजेचा हिशेब. जाहिरातींत तो नसतो आणि पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांत त्याची फारशी गरजही भासत नाही. २०२५ मध्ये आलेले 'आरटीएक्स ५०९०' हे कार्ड ५७५ वॅट खाते. कार्डात जाणारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि खिडकीत कूलर घरघरत असतो, तेव्हा ही शेगडी कोणाला परवडेल? शिवाय घरोघरी दिसणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. वादळी पावसात वीज गेली तर मोठ्या कार्डाचा संगणक तेथेच बंद पडतो. यवतमाळच्या ग्राहकाने म्हणूनच कामाला पुरेल असे कमी वॅटचे कार्ड घ्यावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे 'आरटीएक्स ३०५०' ७० वॅटवर चालते. मदरबोर्डचा खाचा ७५ वॅट देतो, त्यामुळे या कार्डाला सहसा वेगळी वायर लागत नाही.

मात्र येथेही नावाने फसगत होते. याच नावाचे ८ जीबीचे जुने कार्ड १३० वॅटचे आहे आणि त्याची आतली रचनाही निराळी आहे. 'जीटी १०३०'ची गोष्ट तर याहून वाईट. २०१७ च्या मूळ कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवीत असे. २०१८ मध्ये त्याच नावाने आलेले डीडीआर-४ कार्ड जेमतेम १७. खोक्यावरचे नाव तेच, काम मात्र तिसऱ्या हिश्शाचे. म्हणून नुसता जीबीचा आकडा न पाहता मेमरीचा प्रकार आणि वॅट वाचून घ्यावेत, आणि पक्के बिल मागावे. बिलावाचून घेतलेले कार्ड बिघडले तर त्याची वॉरंटी मागायला दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठूनही उपयोग नसतो.

जुन्या संगणकात कार्ड बसवायचे असेल, तर आधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचे वॅटचे लेबल पाहावे आणि पंख्यावर साचलेली धूळ झटकावी.