गोळी आधी, भूप नंतर

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण. जळगावात राहून शेवभाजी आणि भरितासोबतचा ठेचा टाळणं ही अर्धी शिक्षा. उरलेली पोटात पीळ पडला की भोगतो. तेव्हा कुशीवर होऊन किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावतो आणि फक्त तानपुऱ्याकडे लक्ष देतो. कळ जात नाही, तिची धास्ती उतरते.

दुखण्यात असं लक्ष एका जागी लावणं हा काही माझा शोध नाही. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात असताना अर्धशिशीला कंटाळूनच विपश्यनेकडे वळले. (त्यांच्या इगतपुरीच्या शिबिरात संगीताला बंदी, मला ते जमायचं नाही.) अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९पासून जुनाट दुखण्यांच्या रुग्णांना श्वासाकडे, शरीराकडे बघायला शिकवलं.

पण रक्त पडत असताना औषध थांबवून राग ऐकत बसणं हा शुद्ध वेडेपणा. व्रण भरायला मेसालामिनसारखी औषधंच लागतात. पोटविकारतज्ज्ञांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली गाणंही लिहावं, एवढंच माझं मागणं. आणि जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात आमच्यासारख्यांसाठी दाराजवळच्या कडेच्या दोन-चार खुर्च्या राखाव्यात. मध्यंतरापर्यंत थांबणं आमच्या हातात नसतं.