बाग मागताना काय मागावे?

दिवाळीच्या सुट्टीत मराठी माणूस जयपूरला जातो तो आमेरचा किल्ला, हवामहल, जंतरमंतर आणि सिटी पॅलेस पाहायला. यंदा जाणार असाल तर यादीत आणखी एक जागा घाला. विद्याधर नगरजवळ, नाहरगडाच्या डोंगराच्या पायथ्याशी किशन बाग आहे. जयपूर विकास प्राधिकरणाने ती २०२१ मध्ये लोकांसाठी खुली केली. दोन तास काढून ती पाहा आणि घरी परतल्यावर आपल्या प्रभागातल्या बागेत एक फेरी मारा. नगरसेवकाकडे काय मागायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल.

सुमारे ६४ हेक्टरांच्या या बागेत हिरवळीचे गालिचे नाहीत. वाळूचे नैसर्गिक उंचवटे तसेच राखले आहेत आणि त्यांच्यावर त्याच मातीत वाढणारी झाडे, झुडपे, गवते लावली आहेत. राजस्थानचे राज्यपुष्प असलेला रोहिडा इथे आहे. राज्यवृक्ष खेजडी आहे. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी हीच. आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला ढोक आहे. कुमठा, केर, खिंप आणि शेवण गवत आहे. वाळू तुडवली जाऊ नये म्हणून लाकडी वाटा बांधल्या आहेत. आखणी प्रदीप क्रिशन यांची. दिल्लीच्या झाडांवर पुस्तक लिहिणाऱ्या या अभ्यासकाने त्याआधी जोधपूरला, मेहरानगडाच्या खडकाळ उतारांवर, २००६ पासून असेच काम उभे केले होते. तिथे खडकात रुतलेली वेडी बाभूळ मुळासकट काढावी लागली. ते काम खाणीत दगड फोडणाऱ्या कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने केले, कारण खडकाची नस त्यांनाच ठाऊक होती. मग त्याच खड्ड्यांत वाळवंटातली मूळची झाडे लावली गेली.

यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जयपुरात वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक पावसाळ्याच्या तीन महिन्यांत. आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या अनेक तालुक्यांत पडतो तेवढाच. या शहराची तहान एके काळी रामगडचा तलाव भागवत असे. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतल्या नौकानयनाच्या शर्यती त्याच तलावात झाल्या होत्या. पुढे तो आटला. २००९ पासून शहराला पाणी येते ते टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटरवरून. इतक्या लांबून आणलेले पिण्याचे पाणी हिरवळीवर ओतायचे का, हा प्रश्न जयपूरकरांपुढे आहे तसाच लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकरांपुढेही आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून पहिले सांगणे हे. बाग मागताना हिरवळ मागू नका, सावली मागा. मुलांना लोळायला हिरवळीचा एखादा तुकडा जरूर असावा. पण सगळी बाग हिरवळीने भरली की उन्हाळ्यात रोज पाणी लागते आणि भर दुपारी तिथे कोणी बसूही शकत नाही. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा, पळस, पांगारा, अर्जुन, शिवण ही आपली झाडे आहेत. पहिली दोन-तीन वर्षे जपली की यांतली बहुतेक आपल्या पायावर उभी राहतात. पक्षी, मधमाश्या, फुलपाखरे त्यांच्यावर जगतात. याउलट झपाट्याने वाढते म्हणून कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या रांगा लावण्याची टूम अनेक शहरांत आली. गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. तुमच्या बागेत काय लावले जाणार आहे ते खड्डे खणण्याआधी विचारा. झाड लागल्यावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

आणि जे झाड उभे आहे त्याला श्वास घेऊ द्या. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या बागेतही तेवढे आळे मोकळे राहील असा आग्रह धरा. पालापाचोळा जाळू देऊ नका. कोपऱ्यात खड्डा करून त्याचे खत करा किंवा तो आळ्यातच पसरा. उन्हाळ्यात ओल टिकवायला याहून स्वस्त उपाय नाही.

जयपुरात दुसरी पाहण्याजोगी बाग रामनिवास. अल्बर्ट हॉल संग्रहालय ज्या बागेत आहे तीच. महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांनी १८६८ मध्ये दुष्काळी काम म्हणून ती करवली. पाऊस दगा देतो, लोकांच्या हाताला काम नसते, अशा वेळी राज्याने बाग उभारली आणि ती राजवाड्याच्या भिंतीआड न ठेवता शहराच्या तटबंदीबाहेर ठेवली. बाग ही पोट भरल्यावर करायची चैन आहे असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. रोजगार हमी योजना ज्या महाराष्ट्रात जन्मली, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट वेळेची. बाग सर्वांची असेल तर ती सर्वांच्या वेळेला उघडी हवी. आपल्याकडे अनेक बागा सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी उघडतात, दहाच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. नेमक्या ज्या वेळी घरकाम करणारी बाई दोन घरांच्या मधल्या तासात टेकायला जागा शोधते, डिलिव्हरीवाला मुलगा सावली शोधतो, अभ्यासाला घरात जागा नसलेला विद्यार्थी झाडाखाली बसू पाहतो, त्या वेळी फाटकाला कुलूप असते. दुपारी बाग उघडी ठेवायला लावा. पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह, चाकाची खुर्ची आत जाईल असे फाटक, संध्याकाळी पुरेसा उजेड या चार गोष्टी सेल्फी पॉइंटच्या आधी हव्यात. मुलांना खेळायला मज्जाव करणाऱ्या पाट्याही काढायला सांगा. मुलांनी बागेत खेळायचे नाही तर कुठे खेळायचे?

तिसरी गोष्ट देखभालीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. जयपुरात द्रव्यवती नदी आहे. वर्षानुवर्षे सांडपाण्याचा नाला होऊन बसलेल्या या नदीचे सुमारे ४७ किलोमीटरचे पात्र सुधारण्याचा मोठा प्रकल्प राजस्थान सरकारने हाती घेतला. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे, काठाने फिरायच्या वाटा, बागा असे सगळे त्यात होते. २०१८ मध्ये उद्घाटन झाले. पण पुढे देखभालीच्या पैशांवरून वाद झाले, कामे रेंगाळली आणि काठाच्या बागांनाही त्याची झळ बसली. हे एकट्या जयपूरचे दुखणे नाही. गावोगावी उद्घाटनाची कोनशिला चकचकीत असते आणि दोन वर्षांत ओपन जिमची यंत्रे गंजतात, कारंजे कोरडे पडते, घसरगुंडीचा पत्रा फाटतो. बांधकामाला पैसे मिळतात, राखणीला मिळत नाहीत.

तेव्हा नवी बाग जाहीर झाली की हे प्रश्न विचारा. पुढची पाच वर्षे देखभालीसाठी अंदाजपत्रकात किती रक्कम धरली आहे? माळी किती आणि ते कायमचे आहेत की ठेकेदाराचे? पाणी कुठले, पिण्याचे, बोअरवेलचे की शुद्ध केलेले सांडपाणी? तुटलेला झोपाळा किती दिवसांत दुरुस्त होणार आणि ती जबाबदारी कोणाची? उत्तर तोंडी मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. १० रुपयांचा अर्ज करा. ३० दिवसांत माहिती देणे कार्यालयाला बंधनकारक आहे.

माळ्यांविषयी दोन शब्द. बाग जगते ती त्यांच्या जिवावर. कुठल्या झाडाला कधी पाणी तोडायचे, छाटणी पावसाआधी करायची की नंतर, वाळवी कुठून येते, हे ज्ञान एकाच बागेत वर्षानुवर्षे राबल्याने येते. दर अकरा महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या ठेक्यातून ते येत नाही. त्यांना किमान वेतन, बूट-हातमोजे, अवजारे ठेवायला खोली आणि वर्षातून एकदा चांगले प्रशिक्षण मिळते का, हे पाहणे आपलेही काम आहे. आपल्या बागेतल्या माळीकाकांचे, मावशींचे नाव माहीत करून घ्या. उद्यान विभागातल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, नवी बाग आखताना आर्किटेक्टच्या आधी या माणसांना बोलवा आणि त्यांचे म्हणणे कागदावर घ्या.

शेवटी हक्काची गोष्ट. बाग ही महापालिकेने केलेली मेहेरबानी नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ही नागरी संस्थांकडे सोपवायच्या कामांत स्पष्ट लिहिली आहेत. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालय चांगले असले तरी ते लोकांच्या बागेवर उभारता येणार नाही, हा त्याचा अर्थ. राजस्थान उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये, पत्रकार गुलाब कोठारी यांच्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात, मास्टर प्लॅनमधल्या हिरव्या आणि मोकळ्या जागांना हात लावण्यास मनाई केली.

महाराष्ट्रात मात्र एका कलमाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. विकास आराखड्यात बागेसाठी वा मैदानासाठी राखलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाचे पाऊल उचलले नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाचा यात दोष नाही, कायद्याने त्याला तो हक्क दिला आहे. दोष वेळेत जागा न होणाऱ्या पालिकेचा आणि कधीच न विचारणाऱ्या आपला. अशी अनेक मैदाने कागदावरच जन्मली आणि कागदावरच मेली.

म्हणून वाचकांना आवाहन आहे. येत्या महिन्यात नगररचना विभागात जाऊन आपल्या प्रभागाचा विकास आराखडा पाहा. बाग आणि मैदान म्हणून राखलेल्या जागांची यादी करा. आराखडा कधी लागू झाला, दहा वर्षे कधी भरतात, नोटीस आली आहे का, हे लिहून घ्या आणि ती यादी सोसायटीच्या फलकावर लावा. आराखड्यात बदलाची सूचना निघाली तर मुदतीत लेखी हरकत द्या. एकट्याने देण्यापेक्षा पन्नास जणांनी द्या. पाच-दहा शेजाऱ्यांची एक बागसमिती करा, महिन्यातून एकदा माळ्यांबरोबर बागेत फेरी मारा आणि काय बिघडले, काय सुधारले याची नोंद ठेवा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराच्या हातात ती नोंद द्या. बाग विचारणाऱ्यांच्या गावात टिकते. विचारायला सुरुवात करा.