टीव्हीची चौकट घरीच करा

बंद टीव्ही ही आपल्या हॉलमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कुरूप वस्तू आहे, असं माझं मत आहे. भिंतीवर नुसता काळा आयत! सॅमसंगने २०१७ मध्ये 'द फ्रेम' नावाचा टीव्ही आणला. बंद असताना त्यावर चित्र दिसतं आणि कडेला तसबिरीसारखी चौकट असते. दिसतो छान, पण साध्या टीव्हीपेक्षा महाग पडतो. म्हणून माझं म्हणणं असं, की टीव्ही साधाच असू द्या. चौकट तुम्ही करा. आई-बाबांनी करून द्यायची नाही, त्यांनी फक्त मदत करायची.

तुमचे आई-बाबा माझ्यासारखे आयटीत असतील, तर ते लगेच हिशोब मांडतील. आठ तास गुणिले ताशी पगार, म्हणजे चौकट विकत घेतलेली स्वस्त! पण शनिवारच्या दुपारचा पगार आपल्याला कोण देतं? ती दुपार एरवी त्याच टीव्हीसमोर जाते.

दुसरी अडचण जरा खोल आहे. "हे सुताराचं काम, आपलं नाही," असं घरात कोणीतरी म्हणतंच. भारतात आपल्याकडे सुतारकाका घरी यायचे, आणि आपण बाजूला बसून रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या गुंडाळ्या गोळा करायचो. हत्यार मात्र हातात मिळायचं नाही. मी मराठी शाळेत शिकलो. आमच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा विषय होता, म्हणजे हातांनी काहीतरी करायचा तास. तो बहुतेक वेळा गणिताचे सर घेऊन टाकायचे. शिकलेल्या माणसाने करवत धरायची नाही, हे कोणी फळ्यावर लिहिलं नव्हतं, तरी आम्ही सगळे ते शिकलो. तुम्ही तेवढं शिकू नका.

आता गणित. सरांनी घेतलेले तास इथे उपयोगी पडतात. ५५ इंची टीव्ही म्हणजे त्याचा कर्ण ५५ इंच, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. पडद्याची रुंदी आणि उंची १६ : ९ या प्रमाणात असते. १६ आणि ९ ला तीनने गुणा. रुंदी साधारण ४८ इंच, उंची २७ इंच. पायथागोरसने पडताळून बघा, कर्ण ५५ च्या अगदी जवळ येतो. तरीही आपला टीव्ही टेपने मोजाच, कारण पडद्याभोवतीची काळी कड प्रत्येकाची वेगळी असते.

अमेरिकेतल्या दुकानात पाइनची 'एक बाय तीन' पट्टी मागा. नाव असं असलं तरी ती प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि अडीच इंच रुंद भरते. (आपल्याकडचा दुकानदार असता तर यावरून तासभर वाद झाला असता.) चौकट बाहेरून ५३ बाय ३२ इंच होईल. एका आठ फुटी पट्टीतून, म्हणजे ९६ इंचांतून, एक लांब आणि एक आखूड बाजू निघते. म्हणजे फक्त दोन पट्ट्या! निवडताना पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा. वाकडी असेल तर परत ठेवा.

कोपरे ४५ अंशात कापायचे. त्यासाठी महागडं यंत्र नको. खाचा असलेला मायटर बॉक्स आणि हातकरवत पुरते. कापताना मोठं माणूस शेजारी हवंच. तिरक्या कडांना सरस लावून तुकडे जोडा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच कोपरे काटकोनात आहेत. कमी-जास्त असतील तर सरस ओला असतानाच लांब कर्णाचे कोपरे आत दाबा. रात्रभर वाळू द्या. नुसता सरस कोपऱ्यात फार धरत नाही, म्हणून मागून लोखंडी 'एल' पट्ट्या लावा. स्क्रू अर्ध्या इंचाचेच घ्या, नाहीतर टोकं पुढून बाहेर येतील.

बसवताना टीव्हीला भोक पाडायचं नाही! चौकटीच्या वरच्या बाजूला मागे दोन छोटे कोन लावा, त्यांच्याखाली फेल्ट चिकटवा आणि चौकट टीव्हीवर अडकवा. टीव्ही भिंतीवर पक्का बसवलेला असेल तरच हं. स्टँडवरच्या टीव्हीवर पुढून वजन टाकू नका. मागची हवेची वाट मोकळी ठेवा. रिमोटचा सेन्सर कुठे आहे ते आधी शोधा. तो बहुतेक खालच्या कडेला असतो. तो झाकला गेला, तर आजोबा बातम्यांच्या वेळी तुम्हालाच हाक मारतील.

पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग २२० चा, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण चौकट घरची वाटेल की दुकानातली, ते इथे ठरतं. मला घरची वाटलेली आवडते, पण खरखरीत नको.

दोन्ही पट्ट्यांचे साधारण अकरा-अकरा इंचांचे तुकडे उरतील. ते फेकू नका. पॉलिशचा रंग आधी त्यांच्यावर लावून बघा, आणि त्यातला कुठला ठेवायचा ते आजीला विचारा. दिवसभर त्या भिंतीसमोर तीच बसते.