घरी सोडलेला रुग्ण बरा झाला का?

तणनाशक पोटात गेलेला रुग्ण चालत घरी गेला की रुग्णालयाच्या लेखी तो बरा झाला. पॅराक्वाटच्या बाबतीत ही नोंद फसवी आहे. या विषावर उतारा नाही. आधी जीभ आणि घसा सोलवटतो, मग मूत्रपिंडे थकतात. वाचलेल्यांची मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत होतात आणि घरच्यांना वाटते, संकट टळले. फुप्फुसांचे तसे नसते. त्यांच्या पेशी हे विष रक्तातून ओढून साठवतात आणि फुप्फुस आतून कडक होत जाते. प्राणवायूने इजा वाढते, म्हणून डॉक्टर तोही हात राखून देतात. काही रुग्ण दोन-तीन आठवड्यांनी दगावतात. तरलेल्यांपैकी काहींचा श्वास महिनोन्‌महिने सुधारत जातो, तर काहींना हंडा उचलतानाही धाप लागते. त्यामुळे खरा निकाल सहा महिन्यांनी, श्वसनक्षमतेच्या चाचणीनंतरच लिहायला हवा.

धायरीसारख्या ठिकाणी हे काम नेमके निसटते. या गावाचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. पुढे सिंहगडाच्या पायथ्याची गावे जिल्हा परिषदेकडे आहेत. शहरात उपचार घेऊन तिकडे परतलेल्या रुग्णाची फाइल त्याच्यामागे प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला हवी, आणि तिच्यावर रसायनाचे नाव हवे. ग्लायफोसेट घेतलेले बहुतेक रुग्ण वाचतात आणि त्यांच्या फुप्फुसांना कायमची इजा क्वचितच होते. नुसते ‘तणनाशक’ लिहिले की दोन्ही एकाच मापाने मोजले जातात. म्हणून रुग्णासोबत बाटली आणा, हे प्रत्येक कृषी सेवा केंद्राने गिऱ्हाइकाला सांगावे. घरच्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर हलवलेल्या रुग्णाचाही पाठपुरावा हवा. आधीच ताणलेल्या यंत्रणेवर हा बोजा आहे, हे मान्य. पण एक फोन आणि एक चाचणी हा अतिदक्षता विभागाच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे.

जीव द्यायचाच असेल तर माणूस दुसरा मार्ग शोधेल, मग एका रसायनाचा हिशेब कशाला, असेही म्हटले जाते. अनुभव उलट सांगतो. दक्षिण कोरियाने २०११-१२ मध्ये पॅराक्वाट थांबवल्यावर दोन वर्षांत कीडनाशकांनी होणाऱ्या आत्महत्या जवळपास निम्म्यावर आल्या आणि पिकांचे उत्पादन घटले नाही. असे पाऊल अनेकदा क्षणिक उद्वेगातून उचलले जाते. त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर जीव ठरतो. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण मात्र खरी आहे. तिला उत्तर म्हणून कमी घातक पर्याय आणि कोळपणीच्या अवजारांना अनुदान द्यावे लागेल.

यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. ती कीटकनाशके होती, पण वाचलेल्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न तिथेही मृतांच्या आकड्याआड गेला. कीटकनाशक कायदा १९६८ च्या कलम २६ नुसार, हाताळणीतून झालेली विषबाधा कळवण्याची सक्ती राज्य सरकार करू शकते. पोटात गेलेल्या विषासाठी आरोग्य खात्याने वेगळा आदेश काढावा. कलम २७ खाली राज्याला विक्री ६० दिवस, फार तर आणखी ३० दिवस रोखता येते; कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. ती मागताना महाराष्ट्राने दिल्लीला मृत्यूंच्या आकड्यासोबत सहा महिन्यांनंतरचे हे अहवालही पाठवावेत.